नजर आणि नळी

रणगाडा म्हटला की सामान्य वाचकाच्या मनात लोखंड, धुरळा आणि गडगडाट उभा राहतो, आणि ते काही खोटे नव्हे. ‘अर्जुन’ रणगाड्याचे पहिले रूपच साडेअठ्ठावन्न टनांचे आणि १,४०० अश्वशक्तीच्या जर्मन इंजिनावर चालणारे. परंतु १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्समुळे बेंगळुरूत जी प्रकाशीय व विद्युत्-यंत्रांची विद्या रुजली, तिच्यात ज्यांची उमेद खर्ची पडली, त्या आम्हा अभियंत्यांच्या वाट्याला या अजस्र धुडाचा सर्वांत सूक्ष्म अंश आला. गोलंदाजाची नजर आणि तोफेची नळी यांचा मेळ घालून देणे, हेच आमचे काम.

हे काम वाटते तितके सरळ नाही. नजर आणि नळी यांच्यात एका मिलिरेडियनचा फरक पडला, तर दोन हजार मीटरवर गोळा दोन मीटर बाजूला जातो. त्यात वाळवंटातले ऊन नळीची वरची बाजू अधिक तापवते, ती बाजू प्रसरण पावते आणि ज्या पोलादाला आपण अढळ समजतो ते किंचित खाली वाकते. म्हणून नळीवर उष्णतारोधक आवरण चढवतात आणि कित्येक रणगाड्यांत तिच्या मुखाशी एक लहानसा आरसाही बसवतात, ज्यावरून परतलेला किरण त्या वाकण्याचा इमानेइतबारे हिशेब देतो. शिवाय लक्ष्याचे अंतर, आडवा वारा, हवेचे आणि दारूचे तापमान, नळीची झीज, गाड्याचा कल, लक्ष्याची गती असा सारा तपशील गणकयंत्रापुढे रुजू झाल्यावाचून नळीला किती उंचावायचे हे ठरत नाही.

१५४९ साली अहमदनगरास ओतलेल्या मुलूखमैदान तोफेच्या गोलंदाजाला हा प्रश्न नव्हता. नळी जिकडे, नजर तिकडे. (आपल्या चिलखती दळाची शाळा आज त्याच नगरात आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.) चालत्या रणगाड्यात मात्र ही एकजूट टिकत नाही. तेथे जायरोस्कोपच्या आधारे आधी दुर्बिणीतला आरसा स्थिर केला जातो, आणि नळी त्या स्थिर नजरेच्या मागून चालते. आरसा हलका, नळी अवजड; खाचखळग्यांत ती क्षणभर मागे राहते, क्षणभर पुढे जाते. म्हणून गोलंदाजाने कळ दाबली तरी तोफ तत्काळ उडत नाही. दोन्ही अक्ष ठरलेल्या मर्यादेत जुळेपर्यंत यंत्र हुकूम रोखून धरते. मनुष्याला जाणवणारही नाही असा हा विलंब मला या संपूर्ण विद्येतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने या गाड्यासाठी १२० मिलिमीटरची आटे असलेली तोफ घडवली. जगातील बहुतेक सैन्ये गुळगुळीत नळीकडे वळली असता हा मार्ग खर्चिक होता, हे मान्य करावेच लागेल. कारण चिलखत भेदणाऱ्या लांब शलाकेला फिरकी नको असते, आणि आट्यांतून जाताना ती टाळण्यासाठी तिच्याभोवती घसरते कडे बसवावे लागते. पण बंकर आणि इमारती फोडणाऱ्या विशिष्ट गोळ्याला हीच फिरकी स्थैर्य देते, आणि तो गोळा आपल्या सैन्याला हवा होता.

१९७४ साली मंजूर झालेल्या या योजनेच्या दिरंगाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वजनाविषयीचा आक्षेप मला रास्त वाटतो. सुधारित गाडा अडुसष्ट टनांवर गेला, आणि पूल व रेल्वेच्या वाघिणी यांना याचे ओझे वाहावे लागते. तरीही परकीय इंजिनावरील अवलंबन हा मला त्याहून मोठा घोर वाटत असे. म्हणून मार्च २०२४ मध्ये बीईएमएलच्या म्हैसूर येथील कारखान्यात १,५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी झाल्याचे वाचले, तेव्हा मन भरून आले. आणि लगोलग ध्यानात आले की, या इंजिनाचा कंप जुन्या इंजिनासारखा नसणार, तेव्हा ते ज्या गाड्यात बसेल त्याच्या आरशांची आणि जायरोंची जुळणी कोणाला तरी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.