सूज आणि बाळसे

मराठी समीक्षेत एक रूपक वापरून वापरून फार झिजले आहे. एखाद्या लेखकाची पृष्ठसंख्या वाढली आणि आशय वाढला नाही, की आपण लिहितो : हे बाळसे नव्हे, सूज आहे. मी स्वतः हे वाक्य निदान चार परीक्षणांत वापरले आहे; वर्गात किती वेळा उच्चारले त्याची गणती नाही. आजाराला रूपक बनवण्याविरुद्ध सुसान सोंटाग यांनी १९७८ साली एक पुस्तक लिहिले, ते मला ठाऊक होते. परंतु सूज हा काही आजार नव्हे, अशी समजूत असावी. ती समजूत मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हा दोन्ही हात दोन उशांवर ठेवून मी कितीतरी दिवस छताकडे पाहत पडून होते.

मधुमेहाची चाहूल लागल्यावर दोन वर्षांत मी ३१ किलो वजन उतरवले. वजन गेले, कातडी राहिली. फळ्यावर लिहिताना दंडाखाली ती हलत असे, आणि मागच्या बाकांवरून दबलेले हसू येत असे. (ते हसू माझ्यासाठीच होते, असे मी आता खात्रीने सांगू शकत नाही.) वैरागसारख्या गावात प्राध्यापक बाईंच्या ब्लाउजची बाही हा सार्वजनिक विषय असतो, ऐन एप्रिलमध्ये मी कोपराखाली येणाऱ्या बाह्या शिवून घेऊ लागले. शेवटी सुट्टीत पुण्यास जाऊन शस्त्रक्रिया करवून घेतली. डॉक्टरांच्या भाषेत तिला ‘ब्रॅकिओप्लास्टी’ म्हणतात. काखेपासून कोपरापर्यंत दंडाच्या आतल्या बाजूने छेद घेऊन जादा कातडी काढतात. मराठीत या क्रियेला रुळलेला शब्द नाही आणि भाषेची ही उणीव माझ्या पथ्यावर पडली. गावात मी सांगितले, “हाताची गाठ काढली.”

सूज येणार हे मला आधी सांगितले होते. ती कशी येते हे मात्र सांगून कळत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती वाढत गेली. पाणी उताराकडे जाते तशी ती दंडातून कोपरात, कोपरातून मनगटात आणि तिथून बोटांत उतरली. बांगड्या आधीच काढल्या होत्या. अंगठी साबण लावून काढावी लागली. दंडाच्या आतून लसिकावाहिन्यांचे बारीक जाळे जाते, ते छेदात दुखावते आणि साचलेला द्रव परत वर चढण्यास वाट शोधत राहतो. म्हणून हात हृदयाच्या पातळीहून उंच ठेवायचा, मुठी उघडायच्या-मिटायच्या, कोपर हळूहळू हलवायचे, आणि मला सांगितल्याप्रमाणे सहा आठवडे घट्ट बाह्यांचे कापड अंगावर बाळगायचे. मीठ कमी करायचे, हे सोलापूर जिल्ह्यात शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसास सांगणे सोपे, पाळणे अवघड. एकाच हाताची सूज अकस्मात वाढली, ताठली, ठणकू लागली, किंवा ताप आला, छेदाभोवती लाली पसरली, तर मात्र रात्र असो, दिवस असो, ताबडतोब कळवायचे. कारण आत रक्त साचलेले असू शकते, किंवा जंतुसंसर्ग झालेला असतो. तसे काही झाले नाही. भाकरी थापणे मात्र दोन महिने बंद राहिले आणि हात खांद्यावर नेऊन फळ्यावर लिहिणेही. जूनमध्ये मी खुर्चीत बसून शिकवले.

आमच्या भागात ‘गाठ’ या शब्दाला एकच अर्थ आहे. बार्शी जवळच. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलशी निगडित ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. खेडोपाडी जाऊन तिथल्या माणसांनी ज्या आजाराची नावनिशीवार नोंद ठेवली, तो इथे कुणाला परका नाही. तेव्हा मी ‘गाठ’ म्हटले आणि सुजलेली बोटे दाखवली, की समोरचा माणूस पुढचे सगळे स्वतःच समजून घेई. स्टाफरूममध्ये माझ्या तासांची वाटणी न मागता झाली. दारात दुधाची किटली आली. शब्दाचा वाच्यार्थ न मोडता खोटे कसे बोलता येते, हे काव्यशास्त्र शिकवणारीला कुणी शिकवावे लागत नाही.

मग एका दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई आली. साठीच्या पुढच्या. अकरा वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झालेली, काखेतल्या ग्रंथी काढलेल्या. डाव्या हातास सूज आली ती तिसऱ्या वर्षी, सारे सुरळीत झाले असे वाटत असताना. ती जात नाही. आवरून धरावी लागते. त्यांच्या पिशवीत पट्ट्यांची गुंडाळी आणि शिंप्याची मापपट्टी होती.

“मॅडम, हात खाली लोंबू दिऊ नगा,” त्या म्हणाल्या. “आन् दर ऐतवारी माप घ्या. एकाच जागी. मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर. डोळ्यानं सूज कळत न्हाई, पट्टीनं कळती. काटा टोचू दिऊ नगा, इळीवर कापू नगा.”

त्यांनी एक चुरगळलेली वही काढली. आठ वर्षांच्या रविवारांचे आकडे, निळ्या शाईत, तारखेसह. मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना टिपणे काढण्यास सांगते. अशी वही मी पाहिलेली नाही.

“मावशी, माझी गाठ तसली नाही,” मी म्हणाले, आणि एकदा सुरू झाल्यावर सगळेच सांगितले : वजन, कातडी, बाह्या, पुणे. त्या ऐकत राहिल्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. जरा वेळाने इतकेच विचारले, “खर्च किती आला?”

मी निम्मा आकडा सांगितला.

त्यांनी मान हलवली, पट्टी उलगडली आणि म्हणाल्या, “दावा मनगट.”