खटक्याचा मालक कोण?

घडीच्या चाकूचे पाते कोणीही घडवील. खरी अक्कल लागते ती खटक्याला. उघडलेले पाते कामाच्या भरात बोटांवर मिटू नये आणि काम संपले की निमूट मुठीत जावे, एवढेच खटक्याचे कर्तव्य. पण ह्या एवढ्याशा कर्तव्यापायी ‘ही रचना मूळची कोणाची’ असा वाद कारागिरांत आणि शौकिनांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. आम्ही त्याकडे खानदेशातून, म्हणजे निव्वळ वापरणाऱ्याच्या बाजूने, पाहत आलो.

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटात घडीचा चाकू मागितला, तर आज बहुधा जो हाती येतो त्याच्या मुठीच्या आत एका बाजूला पत्र्याची लवचीक पट्टी असते. पाते पुरते उघडले की ती आत सरकून पात्याच्या बुडाशी अडून उभी राहते. अंगठ्याने बाजूला सारली की पाते मिटते. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी 1980च्या दशकात ह्या रचनेला आजचे रूप दिले. त्यांनी मुठीच्या पाठीची जुनी स्प्रिंग काढून टाकली आणि मिटलेले पाते धरून ठेवायला पट्टीतच एक बारीक गोळी बसवली. रचनेच्या इंग्रजी नावावर त्यांनी व्यापारचिन्हाचा हक्कही मिळवला. गंमत अशी, की अशा अडणाऱ्या पट्टीचे पेटंट अमेरिकेतच 1906 साली निघाले होते आणि तिकडच्या सैन्यातल्या तारा जोडणाऱ्यांच्या चाकूत ती पुढे सर्रास होती. मग वॉकर चोर ठरतात काय? आमच्या मते मुळीच नाही. 1906ची पट्टी जुन्या चाकूत घातलेली जास्तीची सोय होती. वॉकरांनी अख्खा चाकू तिच्याभोवती नव्याने रचला. पुढे क्रिस रीव्ह यांनी वेगळी पट्टी न घालता मुठीची एक बाजूच कापून तिला अडण्याच्या कामी लावले. प्रत्येकाने मागच्याचे घेतले, आणि घेताना ते कसे चालते हे जाणून घेतले.

अशा वेळी धुळ्यात 1926 साली निवर्तलेले इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. शिवकालीन पत्रांतले फारसी शब्द मोजत बसणारा हा माणूस. त्यांच्या धर्तीवर आमच्या विषयाची झडती घेतली तर ‘चाकू’ फारसीतून आलेला, ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’चे मराठी रूप. उरला ‘खटका’, तो आवाजावरून पडलेला, तेव्हा निदान आवाज तरी आपला म्हणायचा! आणि तरी ‘कुलूप’ हा शब्द परका आहे असे कोणा मराठी माणसाला वाटत नाही. ‘कुफ्ल’चे ‘कुलूप’ होताना जिभेने त्याचे जोड मोडून पुन्हा बसवले आहेत.

देशीवादाची मांडणी करणारे भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. देशीवाद म्हणजे बाहेरचे काही घेऊच नये, असा सोयीस्कर अर्थ त्यांचे विरोधक काढतात आणि दुर्दैवाने काही चाहतेही काढतात. त्याच यावल-रावेर पट्ट्यातली केळी आज ठिबकवर उभी आहे, आणि आधुनिक ठिबकचे तंत्र इस्रायलमध्ये सिमखा ब्लास यांच्या हाती घडले. ते 1980च्या दशकात जळगावात रुजले; इतके, की 2007 साली जळगावच्या जैन इरिगेशनने नानदान ह्या इस्रायली कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि 2012 साली ती पूर्ण विकत घेतली. उसनवारीचा हा हिशेब कोणत्या वादात बसवावा, ते समीक्षकांनी ठरवावे.

ह्या सगळ्याला आमच्या लेखी एक रक्ताळलेली बाजूही आहे. आमचे एक स्नेही केळीच्या बागेत ठिबकची नळी कापत असताना चाकूचा खटका सटकला, पाते तर्जनीवर मिटले, पाच टाके पडले. चाकूवर एका नामांकित परदेशी कंपनीचे नाव कोरलेले होते. तो अर्थातच तिचा नव्हता. आम्ही तो निरखून पाहिला. मूठ, स्क्रू, पात्याचा बाक, सगळे हुबेहूब. फक्त पट्टी जिथे अडते त्या पात्याच्या बुडाला जो नेमका उतार लागतो, तो जेमतेम होता आणि पोलाद इतके मऊ, की अडण्याची जागा काही महिन्यांतच झिजून गुळगुळीत झाली होती. करणाऱ्याने डोळ्यांना दिसते ते सारे उचलले होते. मराठीत रूपांतरित म्हणून खपणारी पुष्कळ नाटके वाचताना आमचे नेमके हेच होते: पात्रांची नावे बदललेली, वाडा पुण्याचा झालेला, आणि तिसऱ्या अंकात भार पडला की सगळे मिटून बोटावर.

स्नेह्यांनी तो चाकू फेकला नाही. गावच्या लोहाराकडे नेला. लोहाराने उलटसुलट करून पाहिला, पट्टी काढून कोपऱ्यात टाकली आणि उघड्या पात्याला मुठीच्या आरपार दोन रिव्हेट ठोकून दिले. आता तो मिटत नाही. खिशात मावत नाही म्हणून स्नेही तो गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीत ठेवतात.