टेस्टाच्चोचे ताट

रोम शहराच्या दक्षिण भागात, टायबर नदीच्या काठाला टेस्टाच्चो ही कष्टकऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथली टेकडी खापरांची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्हचे तेल घेऊन आलेले मातीचे रांजण रिकामे झाले की प्राचीन रोमन लोक ते फोडून इथे रचत. रचता रचता ढीग सुमारे ३५ मीटर उंच झाला. त्याच्या पायथ्याशी १८८७ पासून ‘केक्किनो’ हे भोजनगृह आहे. त्याचे वाइनचे तळघर या टेकडीच्या पोटातच खोदलेले आहे.

भोजनगृह सुरू झाल्यावर काही वर्षांतच समोर शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला, आणि इथल्या चुलीचे भाग्य ठरले. जनावराचे चार चांगले हिस्से पैसेवाल्यांकडे जात. शेपूट, वजडी, आतडी, जीभ, काळीज मागे उरे. त्याला रोमन लोक ‘पाचवा हिस्सा’ म्हणतात. कामगारांच्या मजुरीत हाच माल असे. त्यातून जी पाककला घडली, ती रोमची सर्वांत प्रामाणिक पाककला म्हणावी लागेल.

जेवण क्रमाने चालते. आधी पास्ता, बहुधा पेकोरिनो चीज आणि मिरपूड घातलेला, दाताला किंचित लागेल इतकाच शिजलेला. मग मांसाचे ताट, सोबत वेगळ्या बशीत भाजी. कॉफी अगदी शेवटी, दुधाशिवाय. वजडीचा वार शनिवार. तिच्यावर रानपुदिना आणि भरपूर पेकोरिनो.

खरा मान मात्र बैलाच्या शेपटीचा, ‘कोडा अल्ला व्हाच्चिनारा’चा. शेपटीचे तुकडे टोमॅटो आणि वाइनमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजतात. हाडाला चिकटलेले मांस काट्याच्या नुसत्या स्पर्शाने सुटू लागते, रस्सा ओठांना चिकटतो. सेलरीचे दांडे भरपूर पडतात. काही स्वयंपाकघरांत शेवटी बेदाणे, चिलगोजे आणि चिमूटभर कडू चॉकलेटही जाते. त्याने गोडी येते ती जिभेला उशिरा कळते. हाडे हातात धरून चोखण्यात इथे कोणाला संकोच वाटत नाही, वाटूही नये.

कत्तलखाना १९७५ मध्ये बंद झाला. त्याच्या इमारतींत आता कलादालन आहे आणि विद्यापीठाचे वर्ग भरतात. रोममध्ये एकच निवांत संध्याकाळ हाताशी असेल, तर ती या वस्तीला द्यावी आणि शेपूटच मागवावी.