गालातला छाला

अकलोलीच्या गरम कुंडात अंग बुडवलं की दुखणं पळतं, असं अब्बांचं ठाम मत होतं. भिवंडीत लूमवर उभं राहून पाय सुजले की सुट्टीच्या दिवशी ते वज्रेश्वरीची एसटी पकडत. तिथून तानसाकाठी कुंडांवर. मला सोबत नेत. एकदा मी पाहिलं, ते त्या पाण्याने गुळण्या करत होते. म्हणाले, "गालात छाला आलाय, उष्णता झाली."

गालाच्या त्याच बाजूला ते तंबाखू-चुना धरत. मला ठाऊक होतं, तरी मी बोललो नाही. चार महिने आम्ही अकलोलीच्या फेऱ्या केल्या. मग मानेत गाठ आली.

तपासणीत गालाचा आणि मानेचा, दोन्हीकडचा रोग एकच निघाला. अब्बांनी डॉक्टरांना विचारलं, "गालातला रोग मानेत कसा गेला?"

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. पेशी दुभंगताना आपल्या जनुकांची नक्कल करते. नकलेत चुका होतात, तंबाखूचं विष त्या वाढवतं. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. पण टीपी ५३ सारखं जनुक बिघडलं की पेशीचा लगामच सुटतो. पुढच्या प्रत्येक पेशीत ती चूक उतरते, वर नव्या चुकांची भर पडते. त्यातली एखादी पेशी जागा सोडून मानेत जाऊन बसते.

अब्बा म्हणाले, "म्हणजे ताण्याचा धागा चुकीचा ओवला, तर पुढच्या प्रत्येक ताग्यात तीच रेघ. नंतर तुटलेला धागा फक्त नंतरच्या ताग्यांत."

डॉक्टर हसले. "अगदी असंच शोधतात. दोन्ही तुकड्यांत सापडते ती चूक बहुधा जुनी, एकातच असते ती नंतरची. फरक एवढाच की कापड सरळ विणलं जातं, गाठ झाडासारखी फांद्या फोडते."

ही कल्पना पीटर नोवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडली होती, हे मी पुढे वाचलं. आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतल्या आणि बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधकांनी गाल-हिरड्यांच्या कर्करोगाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांच्या गाठीतली जनुकं त्यांच्याच रक्ताशी ताडून त्यांनी या चुका शोधल्या. अब्बांच्या गालातलं दुखणं म्हणजे आपल्याकडच्या घराघरांतलं दुखणं.

ऑपरेशन झालं, शेक दिले. दोन वर्षांनी रोग परतला. फांद्या अनेक असतात. औषधाने एक वाळते, दुसरी तग धरते आणि तीच वाढते. म्हणून झाड लहान असतानाच गाठायचं असतं. आमचे ते चार महिने मला अजून टोचतात. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या खिशात पुडी दिसली. या वेळी गप्प बसलो नाही. म्हटलं, "आ कर." आत पांढरा चट्टा होता. दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. तुकडा तपासला, कर्करोग नाही, पण तंबाखू आजच सोडा, असं त्यांनी बजावलं.

नंतर आम्ही दोघं अकलोलीला गेलो. पाण्यात पाय सोडून बसलो. त्याला तलफ येत होती, हात खिशाकडे जात होता. खिसा रिकामा होता. आता दर महिन्याला मी त्याचं तोंड बॅटरीने बघतो. तो चिडतो, चिडू दे.