गिअरचं फौंडेशन

अब्बा मिस्त्री होते. मिरजेत रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. पण आम्हा दोघा भावांना त्या शेडमध्ये कधी पाना हातात धरू दिला नाही. "माझे हात काळे झाले तेवढे बस. तुम्ही पुस्तकं उघडा," म्हणायचे. आम्ही पुस्तकं उघडली. एक शाळेत शिक्षक झाला, दुसरा बँकेत लागला. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मात्र आम्ही दोघंही 'व्यापार' असं लिहीत आलो. अब्बांनी तो फॉर्म कधी वाचला असेल का, हा प्रश्न अजून छळतो.

अब्बा गेले आणि मागं राहिली त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट या नावानं आली, १९७४ पासून पद्मिनी म्हणवू लागली आणि २००१ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आमची मात्र दारात उभी आहे, कारण अम्मा ती विकू देत नाही. दर महिन्याला दवाखान्यात जाते ती त्याच गाडीतून.

गेल्या वर्षी क्लच सोडला की गाडीच्या पोटातून 'धप्प' असा आवाज येऊ लागला. स्टिअरिंगजवळच्या दांड्यानं गिअर नीट पडेना. प्रत्येक धक्क्याला अम्मा कमरेवर हात ठेवायची, पण तक्रार करायची नाही. गाडीला नावं ठेवली तर अब्बांना बोल लागेल, असं तिला वाटत असावं.

शेवटी अब्बांच्या जुन्या शागिर्दांना बोलावलं. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी गाडी चार पावलं पुढं-मागं करायला लावली, कान दिला आणि म्हणाले, "गिअरका फौंडेशन गया."

मग समजावून सांगितलं. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एकच धूड. पुढं दोन आणि मागं गिअरबॉक्सच्या शेपटीखाली एक, अशा तीन रबरांवर ते बसतं. चुलीच्या तीन दगडांवर हंडी बसावी तसं. मागचं रबर खचलं की शेपटी लोंबते, क्लच सोडताच उसळून आपटते, गिअरच्या दांड्यांची जुळणी बिघडते. "मेरे गुडघे गये, बेटा. नीचे तुमको जाना पडेगा," चाचा म्हणाले. त्या वाक्यानं आम्ही दोघं गप्प झालो.

कंपनीचा माल आता कुठला मिळणार? बाजारात मिळतो तो दुसऱ्यांनी बनवलेला. दुकानदारानं दोन नग पुढं ठेवले. चाचांनी दोन्हींच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवलं. एकात ते रुतेचना. दुसरं दबलं आणि लगेच वर आलं. "कडक रबर टिकतं, पण सगळा हादरा माणसाच्या अंगावर टाकतं," असं म्हणून त्यांनी दुसरं उचललं.

रविवारी फजरनंतर काम काढलं. चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलली आणि आमच्यातला धाकटा उत्साहानं खाली सरकला. चाचांनी त्याचा पाय धरून ओढलाच. "भार निकल पैले! जॅकका भरोसा नको करू." ठोकळे लावून गाडी त्यांच्यावर टेकल्यावरच आत जायची परवानगी मिळाली. अब्बांचा हा नियम होता म्हणे. आम्हाला तो पन्नाशीत कळला.

गिअरबॉक्सखाली लाकडाची फळी ठेवून दुसऱ्या जॅकनं वजन पेललं, आडव्या पट्टीचे बोल्ट सोडले. जुनं रबर तेल पिऊन फुगलं होतं, पत्र्यापासून सुटून हातात आलं. नवीन बसवायला आम्ही अधीर. पण चाचांनी थांबवलं. "तेरे अब्बा बोलते थे, रबर मरता नहीं, तेल मारता है." गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळत होतं. ते तसंच ठेवलं असतं तर नवीन रबराचीही तीच गत झाली असती. प्रोपेलर शाफ्ट उतरवून सील बदलण्यात दुपार गेली.

मग नव्या फौंडेशनची भोकं जुळेनात. कानस घेऊन आम्ही गाडीच्या पट्टीकडे वळलो, तर चाचा ओरडले, "गाडीकू हात नको लगाव! नये मालकू घिसो." ओट्यावरून अम्मा म्हणाली, "सुनांना मी हेच सांगत होते. नव्यानं जुळवून घ्यायचं." धाकटी सून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अम्मा, रबर दोन्ही बाजूंनी दबतं." अम्मा हसली. बऱ्याच दिवसांनी.

बोल्ट आधी हातानंच फिरवले, जॅक उतरवून वजन रबरावर बसू दिलं, मगच पान्यानं आवळले. अस्रच्या सुमारास गाडी सुरू केली. धप्प नाही. फरशीत मात्र बारीकशी थरथर होती. "उतनी रहेगी. पुराने जैसा नहीं होता," चाचा म्हणाले. पैसे देऊ केले तर त्यांनी हात मागं घेतले.

अम्माला बसवून फेरी मारली. अब्बांच्या शेडसमोर, जिथं आता मोबाईलचं दुकान आहे, तिनं गाडी थांबवायला सांगितली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चला."

रात्री घासघासून हात धुतले, तरी नखांतला काळा रंग गेला नाही. सोमवारी वर्गात एका मुलानं आणि बँकेत एका सहकाऱ्यानं विचारलं, हे काय झालं? आम्ही ठरवलं नव्हतं, पण दोघांनी दोन ठिकाणी एकच उत्तर दिलं : गाडीचं काम केलं. आमचे अब्बा मिस्त्री होते.