नाशिकहून गासला, स्टेजच्या कोपऱ्यातून

नाशिकचा कार्यक्रम दहाच्या ठोक्याला थांबला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. पण केबली गुंडाळून, पेट्या टेंपोत चढवून झोपायला दोन वाजले. दौऱ्यावर गाव बघायचं तर बँडची मंडळी उठायच्या आत, म्हणून सकाळी एकटाच गोदाकाठी गेलो. नारोशंकराच्या देवळाची घंटा बरीच उंचावर टांगलेली आहे. मोठ्या पुरात पाणी तिथवर चढलं का, हे नाशिककर अजून विचारतात. तिच्यावर साल आहे १७२१. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी आपापल्या मुलखात आणल्या, त्यांतली ही एक. मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर दुसरी आहे, तीही मी अशाच एका दौऱ्यात पाहिली. एवढं धूड त्या काळी घाट चढवून आणणाऱ्यांबद्दल मला व्यावसायिक आदर वाटतो. आमच्याकडे निदान डिझेल आहे.

आम्हाला उलट वाटेनं उतरायचं होतं. वसई तालुक्यातल्या गासला, एका लग्नाच्या रिसेप्शनला.

कसारा घाट सुखात गेला, भिवंडीत वाहतुकीनं व्हायची ती खोटी झालीच. खरी परीक्षा अंजूर फाट्यापासून चिंचोटीपर्यंत. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात मागच्या पेट्या उडाल्याचा आवाज येतो आणि माझ्या पोटात गोळा. मॉनिटरचा डेस्क मी चालकाच्या केबिनला लागून ठेवतो, मागच्या चाकांपासून शक्य तितका लांब. तरी उतरल्यावर एखादी तार सैल झालेली निघतेच.

मी मॉनिटर इंजिनिअर. प्रेक्षकांत बसून बँडचा आवाज जुळवणारा तो माझा जोडीदार, त्याचं काम हजारभर लोक ऐकतात. माझं काम फक्त स्टेजवरचे सहा जण ऐकतात. गाणाऱ्या ताईंना स्वतःचा गळा आणि कीबोर्ड हवा, बासवाल्याला ड्रमचा किक, गिटारवाल्याला फक्त गिटार. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. ते कुणाच्या पायाशी तिरक्या ठेवलेल्या वेज स्पीकरमधून जातं, कुणाच्या कानात घातलेल्या इन-इअरमधून. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स पंचावन्न हजार लोकांपुढे गायले आणि त्या किंकाळ्यांत त्यांना एकमेकांचं ऐकूही येत नव्हतं. माझ्यासारख्यांची गरज का पडली, हे कुणी विचारलं की मी ते चित्रीकरण बघायला सांगतो.

नालासोपाऱ्याचा रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला आलं की बराच वेळ नुसत्या इमारती. मग सोपारा गाव. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरलेला स्तूप इथलाच; टेंपो थांबवायला वेळ नव्हता. त्यापुढे हवा बदलते. केळीच्या वाड्या, विहिरी, अंगणातले क्रूस. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं आहे. वसईत जन्मून १५९७ मध्ये नागासाकीत क्रूसावर गेलेला हा माणूस. आमच्या दौऱ्यांना लांबचे म्हणणं मी त्या चर्चच्या पाटीपाशी सोडून दिलं.

मांडव घरापुढच्या मोकळ्या जागेत होता, तिन्ही बाजूंनी वाडी. समोरच्या डेस्कवाल्याला अशी जागा आवडते, कारण भिंत नाही, घुमणं नाही. मला धास्ती वाटते. उघड्यावर सोडलेला आवाज परत येत नाही. गाणाऱ्याला वाटतं आपण विरून चाललोय, मग तो जोर लावतो आणि तासाभरात घसा बसतो. म्हणून ताईंच्या कानात मी थोडा कृत्रिम घुमारा सोडला आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माइक लावून त्यांचाही आवाज मिसळला. इन-इअर घातलेल्या माणसाला टाळ्या ऐकू आल्या नाहीत तर तो उगाच खट्टू होतो.

मग वेज. आवाज मुद्दाम वाढवत न्यायचा, शिट्टी फुटली की ती कुठल्या पट्टीतली ते कानानं ओळखायचं आणि तेवढीच पट्टी कापायची. साध्या गायकी माइकला मागून सगळ्यांत कमी ऐकू येतं, म्हणून वेज बरोबर त्याच्या शेपटीकडे. मांडवात भांडी मांडणारे प्रत्येक शिट्टीला वळून माझ्याकडे रागानं बघतात. हे सगळ्या महाराष्ट्रात सारखं.

संध्याकाळी नवरा-नवरीला वाजतगाजत आणणारा ब्रास बँड आला. वसईच्या ख्रिस्ती लग्नांतली ही जुनी रीत. लाल लुगड्यातल्या आज्या त्यांच्यापुढे नाचत होत्या. यजमानांची इच्छा होती की दोन गाणी या मंडळींनी आमच्याबरोबर स्टेजवर वाजवावीत. मी ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेटसाठी माइक लावले, प्रत्येकापुढे एक वेज ठेवला. सगळ्यांत वयस्क ट्रंपेटवाले अंकल वेजकडे बघत म्हणाले, "हा डबा कशाला, बाळा? आम्हाला जवळ जवळ उभं कर."

वेज उचलले. चौघे अर्धगोलात, कोपराला कोपर लागेल असे उभे राहिले. रस्त्यावर चालत वाजवणाऱ्यांचा मॉनिटर म्हणजे शेजारचा माणूस. कमी ऐकू आलं तर ते एक पाऊल सरकतात, इंजिनिअरला खुणा करत नाहीत.

अडचण निराळीच निघाली. आमचा बँड क्लिकवर वाजवतो, म्हणजे इन-इअर घातलेल्यांच्या कानात गाणंभर टिकटिक चालू असते, लय तसूभर हलत नाही. अंकलांची लय मात्र नाचणाऱ्यांच्या पायांवर. पाय रंगले की ती चढते, आज्या दमल्या की उतरते. सराव करताना आठ मात्रांतच दोघांची ताटातूट झाली. टिकटिक त्यांच्या कानात घालणं शक्य होतं, पण तसं केलं असतं तर गासचा बँड राहिलाच नसता. ड्रमरनं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काढू?" त्यानं नाखुशीनं मान हलवली.

त्या दोन गाण्यांना मी कानांतला क्लिक शून्यावर आणला आणि तिथे ट्रंपेट वाढवला. ड्रमर पहिलं कडवं घाबरत वाजवत होता, दुसऱ्यात त्यानं डेस्ककडे बघणं सोडलं. शेवटी लय कुठल्या कुठे चढली होती, समोरचा जोडीदार कपाळाला हात लावून हसत होता, आणि डेस्कवर मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दहाला आवाज बंद झाला. जेवणं झाली, पेट्या चढल्या. पुढचा मुक्काम कोल्हापूर. टेंपोच्या फाळक्यावर बसून ड्रमरनं बजावलं, "उद्या क्लिक परत चालू कर. थोडा जास्तच दे."