पाऊस खाते

रोह्याच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान पुढे, घर मागे, मधे एक उंबरा. उंबऱ्याच्या त्या बाजूचा तो 'माल' आणि या बाजूचं ते 'घरचं', हे आम्हा आठ चुलत भावंडांना बाराखडीच्या आधी कळलं. खोबऱ्याचा तुकडा कुणी तोंडात टाकला, तरी आण्णा, म्हणजे आमचे आजोबा, तो संध्याकाळी घरखर्चाला लिहीत.

मे महिन्यात मामाकडे जायचं, ते आगोटीचा माल थप्पीला लागल्यावरच. मृगाच्या आत सगळं छपराखाली हवं. विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती, आणि भिंतीपासून हातभर लांब, कारण कुंडलिकेला पाणी चढायला लागलं की आमच्या भिंतींनाही घाम फुटे. रॉकेलचे डबे एका टोकाला, चहाच्या पेट्या दुसऱ्या. चहा शेजाऱ्याचा वास लगेच उचलतो. सगळ्यात नाजूक पोहे. सततधार लागली की आठ दिवसांत सादळायचे. म्हणून प्रत्येक पोत्यावर गेरूने तिथी लिहायची, आणि जुनं पुढे, नवं मागे. नव्या पोत्यातले पोहे चोरून खाल्ले तर दोन गुन्हे होत: एक चोरीचा, दुसरा जुनं सोडून नवं फोडल्याचा. मार दुसऱ्याचा जास्त बसे.

भात मोजायचं काम नानाकाकांचं. मोजताना 'एक' म्हणायचं नाही; 'लाभ, दोन, तीन'. दशमान वजनं १९५८ पासून यायला लागली होती, पण आण्णांच्या डोक्यात शेवटपर्यंत खंडी आणि मणच राहिले.

राखण आजीकडे. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघाली की रात्रभर गावाची दारं उघडी. तेव्हा आजी साखरेच्या पोत्यावर बसून जागायची. दर्शनही तिथूनच. उंदरांसाठी मांजर होती. तिचं पावशेर दूध मात्र दुकानखर्चाला पडे. "पगार आहे तो तिचा," आजी म्हणायची.

७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला आणि आमच्या ओट्यावर साठ्याचा फळा आला. रोज सकाळी थोरली ताई त्यावर खडूने साखर, तेल, तांदळाचे आकडे लिही. तपासायला साहेब आले की आधी फळा वाचायचे, मग पोती मोजायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागे मनातल्या मनात मोजत असू. आकडा जुळला की सुटकेचा श्वास आण्णांच्या आधी आमचा!

खरी मोजदाद दिवाळीत, नव्या चोपड्याच्या आदल्या दिवशी. एका दिवाळीला मीठ कमी भरलं. पेणकडच्या मिठागरांतली चाळीस पोती उन्हाळ्यात लावलेली. विक्री वजा जाता तीन पोत्यांची तूट. नानाकाका हमालाला नको ते बोलून बसले. तो माणूस एक शब्द बोलला नाही. त्याने तळाचं पोतं सरकवलं, फळी उचलली आणि बाजूला उभा राहिला. खालच्या विटा कडेने खाऊन गेलेल्या, पांढऱ्याफटक. जमिनीतून ओहोळ निघावा तशी एक ओली रेघ मोरीपर्यंत गेलेली. आण्णांनी बोट लावून चाखलं. मग सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. नानाकाकांनाही मागायला लावली. ते आम्हाला जास्त आवडलं. रात्री चोपड्यात नवं पान पडलं: 'पाऊस खाते नावे, मीठ, पोती तीन'. पुढे ते खातं दर दिवाळीला निघायचं. कधी मीठ, कधी गूळ, कधी पोहे.

१९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचंच वर्ष ३१ मार्चला संपू लागलं आणि मोजदाद दिवाळीतून मार्चात गेली. मार्चात तूट दिसते, पण तोवर भिंती वाळलेल्या असतात आणि ओली रेघ पुसलेली असते. मग संशय माणसावरच जातो. माझ्या मते मोजदादीला दिवाळीच बरी होती.

दुकान आता पुतण्या चालवतो. कॅमेरे आहेत, बारकोड आहे. परवा त्याला विचारलं, "मिठाची तूट कुठे टाकतोस रे?"

"मीठ प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतं आता, काका."

पाऊस खात्यातली शेवटची नोंद १९८८ च्या दिवाळीतली आहे: गूळ, दोन ढेपा.